धरलेला जावई

आमच्या नदीवर दर साली दोन देशांचे सामने व्हायचे असं म्हणलं की शहाणी माणसं हसतात. कसला देश गं म्हातारे, म्हणतात, अल्याड तुझं माहेर, पल्याड सासर. बैल मोकळा सोडला तर चरत चरत परदेशी जाईल. हसा बापहो. पण पैनगंगेच्या अल्याड निजामाची मोगलाई होती आणि पल्याड इंग्रजाचं वऱ्हाड, हे काही मी चुलीपुढं बसून रचलेलं नाही. आमचं नाणं वेगळं, त्यांचं वेगळं. आमच्या शाळेत उर्दू, त्यांच्या शाळेत मराठी. माझी आत्या पल्याड दिलेली होती. ती माहेराला गुळाची ढेप घेऊन आली तरी नाक्यावरचा शिपाई तिला गाठोडं सोडायला लावायचा. गुळाला जकात लागते म्हणजे देश वेगळाच की नाही, तुम्हीच सांगा.

या सामन्यांचा इतिहास विचाराल तर तो एक नाही, दोन आहेत. आमचा इतिहास असा की आमची एक म्हैस पल्याड गेली आणि त्यांनी ती बांधून ठेवली. दोन सरकारांकडं दाद मागत बसलं असतं तर निकालापर्यंत म्हैस आटली असती. म्हणून दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, वाळूत हुतुतू खेळा, जिंकेल त्याची म्हैस. आम्ही जिंकलो. त्यांचा इतिहास असा की म्हैस त्यांची, बांधली आम्ही, आणि जिंकले ते. म्हैस शेवटी कुणाच्या गोठ्यात गेली हे कुणालाच सांगता येत नाही. पण तेव्हापासून संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दोन्ही देश नदीत उतरायचे.

जागाही डोक्यानं निवडलेली. मोगलाईत चार माणसं जमवायची तर पोलिसांच्या अमीनसायबाची परवानगी लागायची, आणि पल्याडचा ठाणेदारही काही कमी नाकाचा नव्हता. म्हणून पात्राच्या मधोमध पौषात उघडी पडणारी वाळू धरली. तिथं कुणाचंच राज्य नाही, असं दोन्हीकडचे पाटील सांगायचे. सरकारला कुणी विचारलंच नाही, त्यामुळं ते खरं ठरलं.

हुतुतू, कुस्ती, गुंड उचलणं म्हणजे तो मोठा गोल दगड खांद्यावर घेणं, आणि डोह पोहून जाणं, असे खेळ. बायांच्या फुगड्याही व्हायच्या. माझ्या आत्यानं लग्नाआधी पल्याडच्या बायांना गरगरवून खाली बसवलं आणि लग्नानंतर पल्याडून येऊन आम्हाला. पण फुगडी इतिहासात धरत नव्हते. इतिहासात जायला मिशी लागते.

आता या सामन्यांची खरी गंमत सांगते. नदीच्या दोन्ही अंगांना सोयरीक. दर घरातून एक तरी पोरगी पल्याड दिलेली नाहीतर तिकडून आणलेली. आणि आमच्याकडं एका घरचा जावई तो साऱ्या गावचा जावई. लग्नात ज्याचे पाय धुतले, त्याचा पाय ओढून त्याला मातीत पाडायचं? राम राम! म्हणून सासुरवाडीच्या माणसानं जावयाला पाडायचं नाही, धरायचं तर मुळीच नाही. हा नियम कुणी केलेला नव्हता, म्हणून तो कुणाला मोडताही येत नव्हता.

पल्याडच्यांच्या हे आधी ध्यानात आलं. त्यांचा एक पैलवान होता, त्याला त्यांनी आमच्या गावची पोरगी केली. पुढं सहा वर्षं तो पैलवान वाळूत उभा राहून नुसता मिशीला पीळ द्यायचा. आमचा गडी समोर गेला की "रामराम पाव्हणं" म्हणून वाकायचा आणि माघारी फिरायचा. कुस्ती त्यांच्या नावावर. मग आम्ही काय हातात बांगड्या भरल्या होत्या? आम्हीही दोन वर्षांत त्यांच्या तीन पोरी करून आणल्या. हुतुतूत तर असा तमाशा व्हायचा की चाल करणारा आत आला की सातांतले पाच हात जोडून बाजूला सरायचे आणि उरलेले दोघं डोकं खाजवत आठवायचे, आपली मावसबहीण ह्याच्या घरी दिली का ह्याच्या चुलत्याच्या. त्याचा दम संपत आला तरी यांचं नातं लागायचं नाही.

आमच्या बाजूचे म्होरके म्हणजे माझे आबा. शेती माय बघायची, आबा हुतुतू बघायचे. कोण कुणाचा जावई हे त्यांना तोंडपाठ. आमच्या घरात लेकरांना पाढ्यांआधी नाती पाठ झाली.

पंच मात्र दोन्ही देशांचा मिळून एकच, पुसेगावच्या बाजारात बांगड्या विकणारा मण्यार. जातीचा मुसलमान, त्यामुळं त्याची कुणाशी सोयरीक नाही. कुणाचा जावई नाही, कुणाचा सासरा नाही, पंचाला आणखी काय पाहिजे? आम्ही पोरीबाळी त्याला चाचा म्हणायचो. गडी धरला गेला की चाचा वाळूत गुडघे टेकून त्याच्या तोंडाशी कान न्यायचा. दम चालू असेल तर चालू, तुटला असेल तर तुटला. त्याच्या शब्दावर कधी कुणी ब्र काढला नाही.

मी सोळा वर्षांची होते तेव्हा पल्याडून एक नवा गडी उतरला. लांबसडक, अंगानं वाळका, आणि दम तर असा की आमची माणसं म्हणायची ह्याला फुफ्फुसं तीन आहेत. पहिल्याच चालीत त्यानं आमचे चार गडी मारले आणि रेघेवर हात ठेवून उभा राहिला. तेव्हा मी दरडीवर बायांत बसले होते. मला तो आवडला. झालं, सांगून टाकलं. या वयात लाजायला सवड कुणाला आहे.

आत्याचं घर त्याच्याच आळीत. तिनंच पुढच्या महिन्यात स्थळ आणलं. घर बरं, पाणी बागायती, पोरगा निर्व्यसनी. आबांनी ऐकून घेतलं आणि भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"त्यायला माझी पोरगी न्हाई पायजे," म्हणाले. "त्या पोराच्या तंगड्या सांभाळायच्या हायेत त्यायला. एकडाव जावई केला की मग काय, आमी सात जण हात जोडून उभे!"

वाईट याचंच की आबांचं खोटं नव्हतं. पल्याडच्या म्हाताऱ्यांनी आत्याच्या कानाला लागूनच तिला धाडलं होतं. आबांनी भावकी बोलावली आणि ठराव केला, गावातली एकही पोरगी त्या घरी द्यायची नाही. तिकडं त्याच्या माणसांनी ठरवलं, आज ना उद्या मोगलाईवाले नरमतील, तोवर पोराला दुसरीकडं गुंतवायचं नाही. म्हणजे दोन देशांच्या भांडणात एक नवरा तिकडं अडकला आणि एक नवरी इकडं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी माझी गत.

दुसऱ्या वर्षी करीला पुन्हा कुणाला तो सापडला नाही. खेळ आटोपल्यावर पल्याडच्या पाटलानं सगळ्यांदेखत हसत विचारलं, "काय मंडळी, पोरगी देताव का आमच्या वाघाला?" आबांच्या मस्तकात तिडीक गेली. उभे राहून म्हणाले, "आधी एकडाव धरू, मग देऊ! धरल्याबिगर पोरगी देणार न्हाई, हे ह्या नदीत उभं राहून सांगतो."

"धरून तर दाखवा!" तो वाघच पल्याडून ओरडला आणि हसला.

मला इतका राग आला त्याचा! अरे बाबा, माझ्या बापानं तुला बायको देऊ केली आणि तू छाती काढून दाखवतोस? पण बाप्यांना हे कुठं कळायला. सगळी नदी हसत होती.

तिसऱ्या वर्षीपर्यंत मी अठरा ओलांडले. माय झुरत होती. माझ्या बरोबरीच्या पोरींच्या कडेवर लेकरं आली. मग मामानं वसमतचं एक स्थळ काढलं. हळदीच्या आडतीवर कामाला असलेला माणूस, पहिली बायको वारलेली, स्वभावानं गरीब. आबांनी मायला शब्द दिला, "या करीला न्हाई धरला, तर माघ सरायच्या आत हिचं वसमतला उरकून टाकतो." वसमतच्या त्या माणसाचं काही वाईट ऐकलेलं नव्हतं. पण मला वसमतला जायचं नव्हतं. मला नदी उतरून जायचं होतं.

संक्रांतीच्या आधी चार दिवस चाचा बांगड्या भरायला आला. ओसरीवर त्यानं पोतं पसरलं, माझा हात हातात घेतला, दाबून दाबून मऊ केला. माय तेलाची वाटी आणायला आत गेली. मला वाटलं आत्ता नाही तर कधीच नाही.

"चाचा," मी म्हणाले, "पल्याड जाताव ना बांगड्या भरायला? त्याला एक निरोप द्या. म्हणावं, यंदा धरू द्या. न्हाईतर माझं वसमतला लावून देणार हायेत."

चाचाचा हात थांबला. बांगडी माझ्या अंगठ्यापाशी अडकली होती, ती तशीच राहिली.

"मैं पंच हूं बेटी," तो हळूच म्हणाला.

माझ्या नुसतं पाणी आलं डोळ्यांत. बांगडी टोचली असं मायला वाटावं म्हणून "स्स" केलं. चाचानं बांगडी सरकवली, हातावर थोपटलं आणि म्हणाला, "फिकर नक्को कर. हो जाता सब बराबर." माझा जीव भांड्यात पडला. पंच झाला तरी माणूसच तो, मी मनाशी म्हणलं.

करीच्या दिवशी आमचे दोन गडी हिवतापानं अंथरुणाला खिळले होते. सातवा मिळेना. तेव्हा आबांनी धोतराचा काचा मारला. पन्नाशीला आलेला माणूस, गुडघे उठताना कडकड वाजायचे. पल्याडची पोरं खिदळली. माय दरडीवर कपाळाला हात लावून बसली.

तो चाल करायला आला. पहिल्या दमात तिघं गेले, दुसऱ्यात दोघं. उरले आबा आणि एक ताजा पोरगा. तिसऱ्या चालीला तो पोराला शिवला आणि वळला, तोच आबांनी जमिनीला पोट लावून झेप घेतली आणि त्याचा डावा घोटा धरला. तो पडला. पडून सरपटायला लागला, आबांना वाळूतून ओढत नेऊ लागला. रेघ हातभर राहिली, मग वीतभर राहिली. तो सारखा हुतुतू हुतुतू करत होता, आबा दात-ओठ आवळून पडले होते, तोंडात वाळू गेलेली. मी बांगड्या मुठीत दाबल्या. चाचानं गुडघे टेकले, कान नेला, आणि मग हात वर केला.

"दम टूटा."

आमच्या बाजूनं जो कल्ला झाला! दहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही जिंकलो होतो. आबांना खांद्यावर घेऊन गावात नेलं. मी दरडीवर उभी राहून त्याच्याकडं पाहत होते. तो घोटा धरून वाळूत बसला होता, तोंड उतरवून. काय सोंग वठवलंय बाई, मी म्हणलं. नाटकातला माणूसही असं करणार नाही. आणि खरं सांगते, माझ्यासाठी एवढं करणारा माणूस आहे म्हणून मला त्या दिवशी जमिनीवर पाय ठेववेना.

आबांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी पल्याड निरोप गेला, धरला, आता देतो. आणि आठ दिवस आमच्या ओसरीवर जत्रा. जो येईल त्याला आबा घोटा कसा धरला ते सांगायचे. नुसतं तोंडानं नाही, त्याचाच पाय धरून दाखवायचे. माणूस नसलं तर खांबाचा पाय धरून दाखवायचे. मायला एवढं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

पल्याडून मात्र उत्तर येईना. नवव्या दिवशी नदीवर धुणं धुताना आत्या भेटली. ती माझ्याशी बोलायलाच तयार नव्हती. खोदून खोदून विचारलं तेव्हा रडायला लागली.

"तिकडं लई वाईट चाललंय गं. गाव म्हणतं, पोरीपायी फितूर झाला. म्हाताऱ्याच्या हातात मुद्दाम पाय दिला म्हणतेत. त्यो हजारदा न्हाई म्हणतो, पण कोण ऐकतंय? पाटलानं सांगितलं, फितुराच्या लग्नाला गाव येणार न्हाई, न् त्याच्या घरी कुणी जाणारबी न्हाई. त्याच्या बापानं त्याला शेतात नेऊन ठेवलाय."

धुणं तिथंच टाकून मी घरी आले. दुपार टळलेली. आबा एकटेच ओसरीवर होते. मला दुसरं कुणी सुचलं नाही, आणि गप बसणं माझ्या कुंडलीतच नाही. सगळं सांगितलं. आत्या काय म्हणाली ते, आणि चाचाजवळ मी धाडलेला निरोपही. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आबा म्हणाले, "म्हंजे मी धरला न्हाई?"

"न्हाई आबा," मी म्हणाले. "त्यांनी धरू दिलं."

ते उठले, कोपऱ्यातली पटका ठेवायची जागा सोडून उगीच दुसरीकडंच शोधत राहिले. मी पटका हातात दिला. तो त्यांनी बांधला आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी दोन्ही गावं नदीत बोलावली. आम्ही बाया दरडीवर. तोही आला होता, लंगडत, सगळ्यांच्या मागं. आमच्या माणसांना वाटलं आबा लग्नाची तारीख सांगणार. आबा वाळूत मधोमध उभे राहिले.

"सामना आमी हरलो," म्हणाले. "चूक माझी हाय. करीच्या आदल्या दिवशीच माझ्या पोरीची न् ह्या पोराची सुपारी फुटली व्हती. सुपारी फुटली की माणूस जावई. म्या जावयाचा पाय धरला."

मग आमचीच माणसं अंगावर धावली. एक भाऊबंद तर काठी घेऊन. पल्याडचा पाटील म्हणाला, "मंग तवा काहून न्हाई सांगितलं?"

"जिंकायची हाव सुटली," आबा म्हणाले. "पोरालाबी दटावलं, बोलशील तर पोरगी देणार न्हाई. त्यो गप ऱ्हायला, त्याची काय चूक?"

"सुपारीला साक्षीला कोण व्हतं?"

आबांनी हे ठरवलेलंच नव्हतं. ते नुसते इकडंतिकडं बघायला लागले. तेवढ्यात चाचा पुढं आला. ज्यानं जन्मात खोटा दम दिला नाही, तो माणूस. त्यानं डोक्यावरची टोपी नीट केली.

"मैं था," म्हणाला. "मेरे सामने फुटी."

मग काय, घोडं गंगेत न्हालं. निकाल पल्याडच्या बाजूनं लागला. फितुराचा एका घडीत गरीब बिचारा जावई झाला. त्याच्याच माणसांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि आमच्या माणसांनी आबांकडं बघून वाळूत थुंकलं. फाल्गुनात माझं लग्न झालं. आमच्या गावातून लग्नाला आली ती मोजून चार माणसं. आबांचं म्होरकेपण गेलं. त्यांना बघितलं की गल्लीतली पोरं ओरडायची, "जावयाचा पाय सोडा हो!" आणि आबा हात जोडून म्हणायचे, "चुकलो बाबा." सामन्यांच्या इतिहासात तेव्हापासून आबांचं नाव तेवढ्यासाठीच घेतलं जाई, घरच्याच जावयाला धरणारा येडा म्हणून. आपलं असलं म्हणून काय झालं, आमच्या गावानंही यात काही कमी केलं नाही.

मी सासरी आले. 'तो' म्हणायचं सुटलं, 'हे' झाले. संसार बरा चालला. फक्त एक, त्या सामन्याचा विषय निघाला की हे उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, माझ्यावर उपकार केले हे बोलून दाखवायचं नाही, एवढा मोठ्या मनाचा माणूस. मीही कधी विचारलं नाही. कुणाच्या मोठेपणाला बोट लावू नये.

पुढं आमचा देश स्वतंत्र झाला आणि माझ्या माहेरचा झाला नाही. आमच्या चावडीवर तिरंगा लागला, मोगलाईत तो लावला म्हणून माणसं तुरुंगात जात होती. त्या साली संक्रांतीला वाळूत कुणी उतरलं नाही. रझाकारांच्या भीतीनं तिकडची किती कुटुंबं आमच्याकडं आली; आबा आणि माय आले नाहीत. आबांनी निरोप धाडला, जावयाच्या दारात राहायला येऊ का? वर्षभर मी नदीकडं बघत स्वैपाक केला. मग भादव्यात फौज आली आणि चार-पाच दिवसांत मोगलाई संपली. केवढा तो देश, आणि संपायला एक आठवडाही लागला नाही.

दिवाळीनंतर आम्ही दोघं नदी उतरून गेलो. वाटेत पुसेगावला चाचाचं घर लागलं, त्याच्या दाराला कडी होती. त्या दोन महिन्यांत मुसलमानांच्या किती दारांना कड्या लागल्या आणि किती दारं उरलीच नाहीत, ते कुणी इतिहासात धरलं नाही. ज्या बायांचे हात त्यानं वीस वर्षं भरले, त्यांतल्या एकीलाही तो कुठं गेला ते सांगता येईना. मी रस्त्यातच रडले. हे पुढं चालत राहिले.

आबा फार वाळले होते. मायनं पुरणपोळी केली. जेवणं झाली, हे आणि आबा ओसरीवर पान लावत बसले, मी आत भांडी आवरत होते.

"जावाईबापू," आबा म्हणाले, "एक विचारू? आता तर खेळ न्हाई न् देशबी न्हाई. खरं सांगा. त्या दिवशी तुमी पाय कवा ढिला सोडला?"

"कंचा पाय, मामा?"

"म्या धरला त्यो. मला हाताला कळलंच न्हाई. लई डाव आठवून बघितलं. रातच्याला झोपेतबी धरून बघतो. कुठं ढिला पडला, काही ध्यानात येईना."

मला वाटलं हे लाजले. मी दारात येऊन म्हणाले, "सांगून टाका आता. माझा निरोप मिळाला म्हणून तुमी धरू दिलं, हे आबाला पहिल्यापासून ठाव हाय."

ह्यांनी माझ्याकडं वळून बघितलं.

"कुठला निरोप?"

हातातलं ताट मी खाली ठेवलं. "चाचानं सांगितलेला. संक्रांतीच्या आधी."

"चाचा आला, घरातल्या बायांचे हात भरले, न् गेला. मला तर काहीच बोलला न्हाई." मग त्यांच्या काय ध्यानात आलं कोण जाणे, ते उठून आबांच्या पुढ्यात बसले. "मामा, तुमी बराबर धरला व्हता. म्या लई जोर केला. महिनाभर घोटा सुजला व्हता माझा. पन्नाशीच्या माणसानं धरलं हे सांगायची लाज वाटे. तुमी सुपारीचं काढलं तवा मनात म्हणलं, चला, अब्रू तरी वाचली."

आबांचं पान हातातच राहिलं. माय बघत होती. मला माझाच आवाज ऐकू आला, 'न्हाई आबा' म्हणणारा. पल्याडच्यांनी नाही, पंचानं नाही, मी हरवलं होतं माझ्या बापाला, एका शब्दात, आणि तेही चुकीच्या.

"आबा," मी म्हणाले, "मी आत्ता चावडीवर जाऊन सांगते. साऱ्या गावाला सांगते."

"काय सांगतीस?" आबा म्हणाले. "सुपारी खोटी व्हती म्हणून? चाचा खोटं बोलला म्हणून? त्यो गरीब इथं न्हाईबी. गप बस." मग ह्यांच्याकडं सरकले. त्यांचा चेहरा मला ओळखू येईना, इतका उजळला होता. "मंग तुमी वळले कुणीकडं? डावीकडं ना?"

"डावीकडं. तुमी दिसलाच न्हाई मला."

"न्हाईच दिसणार! म्या त्या पोराच्या मागं दडलो व्हतो. सांगा, पयल्यापासून सांगा."

ह्यांनी सांगितलं. आबांनी पुन्हा सांगायला लावलं. रेघ किती राहिली होती ते ओसरीच्या जमिनीवर वीत टेकवून मोजायला लावलं. तिसऱ्यांदा सांगणं चाललं होतं, आबांनी ह्यांचा घोटा दोन्ही हातांनी धरला होता, आणि त्याच वेळी शेजारचा एक भाऊबंद अंगणात आला. जावई आला म्हणून भेटायला आला असेल. त्यानं ते बघितलं आणि खो खो हसला.

"काय आबा, अजून सोडला न्हाई का जावयाचा पाय?"

हे काही तरी बोलायला निघाले. आबांनी ह्यांचा घोटा जोरात दाबला. मग सोडला, आणि दोन्ही हात जोडले.

"चुकलो बाबा," म्हणाले. "हाव सुटली व्हती."